शून्य सावलीचा कार्यक्रम : सोसायटीत, शाळेत, वाचनालयाच्या अंगणात

सूर्य बरोबर माथ्यावर आला की सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याखालीच लपते, ती शून्य सावली. तिचा कार्यक्रम जिथे फसतो, तिथे बहुतेक वेळा वस्तूच तिरकी उभी असते. सूर्य वेळेवर माथ्यावर येतो, जमलेली मुलं डोळे लावून बसलेली असतात, आणि बाटलीच्या एका अंगाला सावलीची पट्टी तशीच राहते. मग कोणीतरी म्हणतं, तारीख चुकली वाटतं. तारीख बरोबर असते. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो कोणी पाहिलेला नसतो. म्हणून या कार्यक्रमासाठी दुर्बीण नको, प्रोजेक्टर नको. गवंड्याचा ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन), पाणसळ (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) या तीन गोष्टी आधी मिळवा. ओळखीचा गवंडी किंवा सुतार तासाभरासाठी आनंदाने देतो, आणि तो स्वतःच आला तर त्याच्याइतका कामाचा माणूस दुसरा नाही.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावात सूर्य वर्षातून दोनदाच बरोबर माथ्यावर येतो. एकदा उत्तरेकडे जाताना, एकदा परत फिरताना. रोज दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो ही समजूत पक्की बसलेली आहे, आणि ती डोळ्यांदेखत मोडते हेच या दिवसाचं मोल. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे एकही तालुका या दिवसाला मुकत नाही. दिल्लीला मात्र तो कधीच येत नाही.

तारीख काढणं

सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर, ज्या दिवशी तुमच्या गावाच्या अक्षांशाइतकी होते, तो तुमचा दिवस. मे महिन्यात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो: पणजीत २-३ मे, कोल्हापुरात ६-७ मे, रत्नागिरीत ८ मे, सोलापुरात १०-११ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, छत्रपती संभाजीनगरात १९-२०, नाशकात २०, अमरावतीत २५ आणि नागपुरात २६ मे. लीप वर्षांमुळे तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होते. भारतीय खगोल संस्थेच्या जनसंपर्क समितीने गावनिहाय तारखा देणारं अ‍ॅप आणि नकाशा काढलेला आहे. आपल्या गावाची तारीख तिथे ताडून घ्या.

एक दिवस चुकला तर काय बिघडतं? मेच्या मध्यावर सूर्य दिवसाला साधारण पाव अंश उत्तरेला सरकतो. ३० सेंटिमीटर उंचीच्या वस्तूची सावली त्यामुळे सव्वा मिलिमीटरने बदलते. सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाहून थोडं मोठं आहे, त्यामुळे सावलीची कडा तशीही पुसट असते. सव्वा मिलिमीटर त्यातच विरतो. तेव्हा खरा दिवस मंगळवारी येत असेल आणि रविवारीच लोक जमणार असतील तर बिनधास्त रविवार धरा. दोन दिवसांपर्यंत हे चालतं. त्यापुढे गेलात तर जमलेल्यांना स्पष्ट सांगा, की आज सावली अगदी लहान दिसेल, शून्य नाही.

वेळ काढणं

वेळ मात्र गावागणिक काढायला हवी. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. तुमचा रेखांश त्यातून वजा करा, उरलेल्या अंशांना ४ मिनिटांनी गुणा आणि तेवढी मिनिटं बारात मिळवा. मे महिन्यात त्यातून साडेतीन मिनिटं काढून टाका, कारण त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या तेवढा पुढे धावत असतो. पुण्याचं उदाहरण घ्या: रेखांश ७३.८६, फरक ८.६४ अंश, म्हणजे साडेचौतीस मिनिटं. त्यातून साडेतीन गेली की १२ वाजून ३१ मिनिटं. मुंबईत १२:३५, कोल्हापुरात साडेबारा, सोलापुरात १२:२३, नागपुरात १२:१०. फोनवरच्या नकाशात आपल्या इमारतीवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दोन्ही मिळतात. हे गणित सातवी-आठवीतल्या मुलांना आदल्या दिवशी करायला द्या. स्वतः काढलेल्या वेळेला सावली गायब झाली की त्यांना जो आनंद होतो तो निराळाच.

तारखेपेक्षा वेळेकडे अधिक लक्ष द्या, कारण माथ्याजवळ सूर्य चार मिनिटांत जवळजवळ एक अंश सरकतो. ३० सेंटिमीटरच्या वस्तूला एका मिनिटाची चूक एका दिवसाच्या चुकीइतकीच पडते. बिल्डिंगच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर कार्यक्रम संपल्यावर सावली शून्य होईल. वेळ मोबाइलचीच घ्या.

जागा

सगळ्यांच्या मनात आधी गच्ची येते. आमचं मत पार्किंगच्या बाजूने आहे. खांबांवरच्या इमारतीखाली दाट सावली असते, तिथे लोक बसतात, पाणी ठेवता येतं, बोलणं ऐकू येतं. आणि दहा पावलांवर मोकळं ऊन. गच्चीवर सावली नसते, फरशी तापलेली असते, मुलं कठड्याकडे धावतात आणि एक माणूस नुसता दारावर उभा करावा लागतो. शाळेत व्हरांड्याला लागून असलेलं पटांगण उत्तम. आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन उभे राहा: पाण्याची टाकी, झाडाची फांदी, वरच्या मजल्याचं पत्र्याचं छप्पर यांपैकी काही माथ्याच्या आड येत नाही ना ते बघा. सूर्य बरोबर वर येणार असल्यामुळे आजूबाजूच्या उंच इमारतींचा अडथळा होत नाही, त्यामुळे दाट वस्तीतल्या अरुंद चौकातही हे जमतं.

पाट बसवणं

जमीन कुठलीही असो, ती सपाट आहे असं धरू नका. शंभराला एक एवढा उतार गच्चीला सर्रास असतो. म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त कल, आणि ३० सेंटिमीटरच्या पाइपाला ३ मिलिमीटर सावली फुकटची. पेव्हर ब्लॉक तर प्रत्येकी वेगळ्या दिशेला झुकलेले असतात. यावर घरगुती उपाय म्हणजे कॅरम बोर्ड. त्याचा पृष्ठभाग चांगला सपाट असतो आणि प्रत्येक सोसायटीत दोन-तीन सापडतात. बोर्ड जमिनीवर ठेवा, कोपऱ्यांखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवत जा. पाणसळ आधी पूर्व-पश्चिम ठेवून बुडबुडा मध्ये आणा, मग उत्तर-दक्षिण, मग पुन्हा पूर्व-पश्चिम, कारण दुसरी दिशा साधताना पहिली हलते. पाणसळ स्वतः खरी आहे का हे तिला उलटसुलट टोकांनी त्याच जागी ठेवून कळतं: बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबायला हवा. बोर्डावर पांढरा कागद पसरून चिकटपट्टीने बसवा. एका बोर्डाभोवती आठ-दहा जणांना नीट दिसतं, म्हणजे चाळीस माणसांना चार बोर्ड. प्रत्येक बोर्डाजवळ एक माहीतगार हवा, त्याचं मुख्य काम कोणाला बोर्डावर टेकू न देणं.

काय उभं करावं

इथे सर्वांत जास्त फसगत होते. स्टीलचा पेला वरच्या तोंडाला रुंद असतो. सूर्य बरोबर माथ्यावर असतानाही त्याच्या तळाभोवती सावलीचं कडं दिसतंच. उलट वर निमुळती होत जाणारी पाण्याची बाटली सूर्य चार-पाच अंश बाजूला असतानाही सावली पोटाखाली लपवते, आणि पंधरा मिनिटं आधीच शून्य सावली झाली असा गाजावाजा होतो. रस्त्यावरचे दिव्याचे खांबही वर निमुळते असतात, शिवाय क्वचितच सरळ उभे असतात. झेंड्याच्या खांबाचा चौथरा रुंद असतो, त्यावर काही कळत नाही.

म्हणून वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं काहीतरी घ्या. प्लंबिंगच्या दुकानात पीव्हीसी पाइपाचे ३० सेंटिमीटरचे तुकडे मिळतात. ६३ किंवा ११० मिलिमीटर व्यासाचे घ्या आणि दुकानदाराला मशिनवर काटकोनात कापून मागा. करवतीने हाताने कापलेलं टोक बहुधा तिरकं येतं आणि पाइप झुकतो. झुकला आहे का हे पाहायला गुण्या पाइपाला लावा, दोन बाजूंनी. खाली कागदाची घडी सरकवून दुरुस्त करा. एक अंशाची चूक म्हणजे ५ मिलिमीटर सावली, चार दिवस किंवा चार मिनिटं चुकल्याइतकी. घरून आणलेला सरळ उभा डबाही चालतो, झाकण काढून. झाकणाची कड बाहेर आलेली असते.

एक मीटरचा उंच दांडा जास्त प्रभावी दिसेल असं वाटतं, पण त्याच्या टोकाच्या सावलीची कडा जवळजवळ ९ मिलिमीटर पुसट होते आणि नेमकं काय मोजायचं यावर वाद होतात. तीसच्या पाइपाला हीच पुसट पट्टी तीनएक मिलिमीटर असते. ठीक मध्यावरही तळाभोवती दीड मिलिमीटरची फिकट कडा उरेल. ती सूर्याच्या बिंबाच्या आकारामुळे येते. मुलांना ती मुद्दाम दाखवा.

मीटरभर पाइपाचा खरा उपयोग विहीर म्हणून करा. ४० मिलिमीटर व्यासाचा एक मीटर पाइप घ्या, खालच्या टोकाला एका बाजूने ५ सेंटिमीटर उंचीची खिडकी कापा, आत पांढरा कागद ठेवा आणि पाइप खुर्चीच्या पाठीला बांधून उभा करा. ओळंबा दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात, सोडून पाहा. वरून डोकावलं तर आपलं डोकंच उजेड अडवतं, खिडकीतून बघायचं. बराच वेळ आत अंधुक असतं. दहाएक मिनिटं आधी एका कडेला उजेडाची कोर उतरते, वाढत जाते, वेळेवर तळ पूर्ण उजळतो आणि पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा अंधुक होतो. लहान मुलं पाइपाच्या सावलीपेक्षा या विहिरीजवळच जास्त रमतात.

त्या दुपारचा क्रम

पुण्याची वेळ धरून सांगतो. आपल्या गावासाठी मागेपुढे करून घ्या. ११ वाजता बोर्ड आणि पाइप बसवून तयार. ११:४५ ला लोक सावलीत जमतात. वीस मिनिटांचं बोलणं, त्याहून जास्त नाही. एक चेंडू आणि एक टॉर्च पुरे. चेंडूवर टाचणी टोचा, चेंडू फिरवत टाचणीची सावली लहान होत जाते आणि टॉर्चच्या अगदी समोर आली की नाहीशी होते, हे दिसलं की निम्मं काम झालं. वक्ता बाहेरून हवा असेल तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईत मराठी विज्ञान परिषद, किंवा तुमच्या जिल्ह्यातलं खगोल मंडळ, नाहीतर कॉलेजातले भौतिकशास्त्राचे किंवा भूगोलाचे शिक्षक यांना महिनाभर आधी विचारा. मेच्या त्या आठवड्यात त्यांना अनेक ठिकाणी बोलावणं असतं.

१२:१० ला उन्हात. पाइपाच्या वरच्या कडेची सावली जिथे संपते तिथे पेन्सिलने खूण, शेजारी वेळ. दर पाच मिनिटांनी एक खूण, १२:३१ नंतरही दोन-तीन. वीस मिनिटं आधी सावली अडीच सेंटिमीटर असते, पश्चिमेला. ती आखडत पाइपाखाली जाते आणि पूर्वेला बाहेर येते. खुणा जोडल्या की जवळजवळ सरळ रेघ मिळते: ती तुमची पूर्व-पश्चिम. एरवीच्या दिवशी ही रेघ पायथ्याच्या उत्तरेने किंवा दक्षिणेने जाते. आज ती पायथ्यातून जाते. हे कोणी दाखवून दिलं नाही तर लोक फक्त त्या एका मिनिटाचा फोटो घेऊन घरी जातात, आणि खरी गंमत कागदावर राहून जाते.

१२:३० ते १२:३३ मुलांना उड्या मारू द्या. उभ्या माणसाची सावली खांद्यांमुळे पायांभोवती दिसते, पण उडी मारली की ती जमिनीवर सुटी पडते आणि फोटोत माणूस हवेत तरंगतो. फोटो काढणाऱ्याने बोर्डावर ओणवं होऊ नये, त्याचीच सावली पडते. बाजूने, पाइपाच्या उंचीवरून काढा. फोन एका जागी टेकवून १२:०१, १२:३१ आणि १:०१ असे तीन फोटो घेतले तर शेजारी शेजारी ठेवायला छान होतात.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा निरोप असा पुरे: “१४ मे, दुपारी पावणेबारा, बी विंगचं पार्किंग. १२ वाजून ३१ मिनिटांनी आपली सावली पायाखाली जाणार आहे. टोपी, पाण्याची बाटली, पायात चप्पल. घरातला एक सरळ उभा डबा आणा. तासाभरात मोकळे.”

ऊन आणि डोळे

मेची दुपार आहे हे विसरून चालत नाही. उन्हात सलग पंधरा मिनिटांहून जास्त कोणालाच ठेवू नका. पाच मिनिटं सावलीत, मग पुन्हा बाहेर. विदर्भात मेअखेर पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, तिथे उन्हातला भाग वीस मिनिटांत आटपा आणि अगदी लहान मुलांना, आजी-आजोबांना सावलीतूनच दाखवा. पाणी, लिंबू सरबत आणि ओआरएसची पाकिटं हाताशी हवीत. अनवाणी कोणी नको.

सूर्य माथ्यावर आला की नाही हे बघायला मान वर करायची नाही. आधीच सांगा आणि पुन्हा सांगा. गॉगल, एक्स-रे फिल्म, पाण्यातलं प्रतिबिंब यांतलं काहीच सुरक्षित नाही. खऱ्या विहिरीतल्या किंवा बादलीतल्या पाण्यात सूर्य पाहायचा मोह अनेकांना होतो, तो टाळा. बिंब पाहायचंच असेल तर पुठ्ठ्याला ४-५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि पुठ्ठा जमिनीपासून दोन मीटर उंच आडवा धरा. खाली पांढऱ्या कागदावर दोन सेंटिमीटरहून थोडं मोठं गोल बिंब पडतं. भोक चौकोनी असलं तरी बिंब जवळजवळ गोलच पडतं. स्वयंपाकघरातली चाळणी धरली तर उजेडाचे शेकडो ठिपके.

लोक हमखास विचारतात ते

सावली जाते कुठे? कुठेच नाही, वस्तूच्या बरोबर खाली असते. त्या दिवशी ऊन सर्वांत कडक असतं का? असं काही नाही. तापमान ढगांवर, वाऱ्यावर, दमटपणावर ठरतं. गरोदर बायकांनी बाहेर यावं का? ग्रहणाशी याचा संबंध नाही आणि सावली न पडण्याने कोणालाही अपाय होत नाही. उन्हाची काळजी मात्र त्यांनी इतरांपेक्षा जास्त घ्यावी. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातल्या कोणासाठी विचारत असते.

दिल्लीतल्या मावशीला कामाला लावा

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांच्या दुपारच्या सावल्यांतून पृथ्वीचा घेर काढला. सायीन, म्हणजे आजचं इजिप्तमधलं आस्वान, तिथे सूर्य माथ्यावर होता. अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला, वर्तुळाचा पन्नासावा भाग. आपल्याकडे पुणे आणि दिल्ली ही जोडी घ्या. ज्या दिवशी पुण्यात सावली शून्य, त्या दिवशी दिल्लीतल्या नातेवाइकांनी एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करून दिल्लीच्या स्थानिक मध्यान्हाला, म्हणजे १२:१७-१२:१८ ला, सावली मोजायची. पुसट कडेचा मध्य धरायचा. ती साधारण १७.७ सेंटिमीटर भरते, कोन जवळजवळ १० अंश. आता नकाशावर पुण्याच्या रेखांशावरून थेट उत्तरेला दिल्लीच्या अक्षांशापर्यंत अंतर मोजा: सुमारे १,१२० किलोमीटर. ३६० भागिले कोन, गुणिले अंतर; ४०,००० किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं.

रस्त्याचं अंतर घालू नका, त्याने घेर भलताच फुगतो. दोन्हीकडे एकाच घड्याळी वेळेला मोजायचं नाही, ज्याच्या त्याच्या मध्यान्हाला मोजायचं. आणि जोडी लांबची हवी. पुणे-नागपूर घेतलं तर सावली साडेचार सेंटिमीटरच पडते. मोजताना ५ मिलिमीटर चुकले की उत्तर दहा टक्क्यांनी बिघडतं. दिल्लीला तेवढीच चूक तीन टक्क्यांत राहते.

ढग आले तर, आणि जुलै

दुपारी ढग आले तर कार्यक्रम दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ठेवा. निरोपातच तसं लिहून ठेवलेलं बरं. कोकणात आणि कोल्हापूरकडे वळवाचे ढग मेच्या पहिल्या आठवड्यातही येतात. बोर्ड उचललात तर दुसऱ्या दिवशी पाणसळ पुन्हा लावावी लागेल.

सूर्य परत फिरताना पुण्यात ३० जुलैच्या आसपास, मुंबईत २७-२८ जुलैला आणि नागपुरात १७ जुलैला पुन्हा माथ्यावर येतो. मधल्या काळात पुण्यात मध्यान्हाची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला मीटरभर काठीची साडेआठ सेंटिमीटर. जुलैत घड्याळाचं गणित बदलतं: साडेतीन मिनिटं वजा करण्याऐवजी साडेसहा मिनिटं मिळवायची, म्हणून पुण्यात १२:४१ आणि मुंबईत १२:४५. पाऊस असतोच, त्यामुळे लोकांना बोलावू नका. पाइप आणि बोर्ड दाराशी तयार ठेवा, दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत रोज त्या वेळेला आभाळ बघा, आणि ऊन पडलं तर ग्रुपवर एक ओळ टाका.